वर लावलेलं टिंब

मधुकाकांनी मिक्सर सुरू केला, त्या घरघराटावर आपला आवाज चढवला आणि मला म्हणाले, "शैला, वळला म्हणून सांग तिला."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एका हातात हेल्मेट, काखेत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो लांबलचक कागद.

"काका, पण नाही वळला."

"काय?"

"नाही वळला!" मलाही ओरडावं लागलं. "वर गेलाय! मागच्या वर्षीपेक्षाही वर!"

"ते कळलं मला फोनवरच! म्हणून तर म्हणतोय, वळला म्हणून सांग!"

मिक्सरच्या भांड्यात खोबरं आणि हिरव्या मिरच्या फिरत होत्या. त्या घरात चटणी खाणारं तेव्हा कोणी नव्हतं. मॅडमच्या पोटात चमचाभर मऊ भातही टिकत नव्हता, आणि काकांना तर तिखटाचं पथ्य होतं. मिक्सर लावला होता तो फक्त आमचं बोलणं आतल्या खोलीत जाऊ नये म्हणून. सगळी नोकरी वीज मंडळात काढलेल्या माणसाला यापेक्षा साधी युक्ती सुचली नसती, आणि मलाही ती तेव्हा फार हुशारीची वाटली.

माझ्या मॅडम म्हणजे डॉ. कुमुद आठल्ये, मधुकाका त्यांचे यजमान. आज संस्थेत त्यांच्या टेबलावर मी बसते, खुर्चीसुद्धा तीच आहे, एका पायाला पुठ्ठा लावलेली. आमचं काम ताऱ्यांचा वेग मोजायचं. आकाशात पुष्य नक्षत्रात ताऱ्यांचा एक गुच्छ आहे. नुसत्या डोळ्यांना तो धुरकट ठिपका दिसतो, दुर्बिणीतून पाहिलं की कळतं, एका वेळी जन्मलेली हजारभर भावंडं दाटीवाटीनं एकत्र राहताहेत. त्या गर्दीत आपल्या सूर्यासारखा एक तारा होता. आमच्या यादीत त्याचा क्रमांक तीनशे चौदा, म्हणून आम्ही त्याला तीनशे चौदाच म्हणायचो. "आज तीनशे चौदा कसा आहे?" असं मॅडम विचारायच्या, तेव्हा नवीन आलेल्या शिपायाला वाटायचं, कोणी नातेवाईक दवाखान्यात आहे.

तीनशे चौदाला एक ग्रह सापडला होता, गुरूएवढा थोराड, ताऱ्याला अगदी चिकटून दोन-सव्वादोन दिवसांत फेरी मारणारा. ग्रह दिसत नाही. तो ताऱ्याला ओढतो, तारा जरासा हलतो, आणि ते हलणं आम्ही मोजतो. पण या ग्रहाचं ओढणं वजा केल्यावरही काहीतरी उरत होतं. दरवर्षी तीनशे चौदा आपल्यापासून किंचित जास्त वेगानं लांब चालला होता. किंचित म्हणजे किती, तर माणूस रमतगमत चालतो तेवढा फरक. मॅडमचं म्हणणं, लांबवर दुसरा एक मोठा ग्रह आहे, त्याची फेरी कित्येक वर्षांची आहे, तोच याला हळूहळू ओढतोय. तसं असेल तर एक ना एक वर्ष हा चढ थांबेल, आलेख खाली वळेल. बाकी सगळ्यांचं म्हणणं, एवढ्या गर्दीत लांबचा ग्रह टिकतोच कसा? शेजारचे तारे त्याला केव्हाच हिसकावून नेतील. हा दुसराच कुठलातरी मंद तारा ओढतोय, आणि आलेख आपल्या हयातीत असाच वर चढत राहील.

"आमच्या देवरुखच्या घरात आम्ही नऊ भावंडं होतो," मॅडम त्यांना ऐकवायच्या. "तरी माझी पाटी माझ्याकडेच राहिली. गर्दीतही माणूस आपलं ते धरून ठेवतं."

यावर परिषदेत लोक हसायचे. मॅडमही हसायच्या आणि पुढच्या वर्षी दुर्बिणीचा वेळ मागायला पुन्हा अर्ज करायच्या. शेजारच्या बायका गुरुपुष्याला सोनं घ्यायचं का म्हणून त्यांनाच विचारायला यायच्या. त्यांना त्या सांगायच्या, "आमच्या पुष्यात एक गुरू सापडलाय, दुसऱ्याची वाट बघतोय. सोनं मात्र अजून कोणी दिलेलं नाही."

आता टिंबाबद्दल सांगायला हवं.

पुष्य नक्षत्र पावसाळ्यात सूर्याच्या आड जातं आणि दिवाळीनंतर पहाटे पुन्हा नीट दिसायला लागतं. मग डोंगरावरच्या दुर्बिणीवर ऑल्विन जायचा. ऑल्विन आमचा वसईचा, थंडीला घाबरणारा आणि दरवर्षी तरीही जाणारा. त्यानं पाठवलेल्या सगळ्या मोजमापांची सरासरी काढून हंगामाचा एक आकडा मिळायचा. तो संगणकावर दोन सेकंदांत लागला असता. पण मॅडमच्या खोलीत भिंतीवर एक कागद होता, आलेखाचे ताव एकाला एक चिकटवून केलेला, आणि तीनशे चौदाचा आकडा आधी त्याच्यावर लागायचा. तोही असातसा नाही. ज्यानं आकडा काढलाय त्यानं तोंड बंद ठेवायचं. बाकीच्यांनी आपापला अंदाज पेन्सिलीच्या टिंबानं दाखवायचा, शेजारी नावाचं अक्षर लिहायचं. मग आकडा उघड करायचा आणि खरा ठिपका शाईनं लावायचा. ज्याचं टिंब सर्वांत जवळ, त्याला हरलेल्यांनी कँटीनचे बटाटेवडे द्यायचे.

मॅडम दरवर्षी टिंब खाली लावायच्या, वळणावर. दरवर्षी तारा वर जायचा. दरवर्षी त्या हरायच्या, नाक वर करून पर्स उघडायच्या आणि म्हणायच्या, "खा, लेकांनो. वळेल तेव्हा मी एकटी खाणार आहे." ऑल्विन तर मुकाट्यानं सरळ रेषेत टिंब लावायचा. त्याला विज्ञानापेक्षा वड्याची खात्री जास्त होती.

आणि त्या वर्षी गणपतीनंतर मॅडमच्या पोटात दुखायला लागलं. सगळं कळेपर्यंत उशीर झाला होता. दवाखान्यात राहायला त्यांनी साफ नकार दिला. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन दिवाळीपर्यंतचं सांगितलं होतं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. त्या कशासाठी थांबल्या आहेत ते घरात आणि संस्थेत सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं.

"अकरा वर्षं वाट बघितलीय तिनं त्याची," काका मिक्सरच्या आवाजावर ओरडत होते. "माझी बघितली नाही कधी इतकी! आता शेवटचे चार दिवस उरलेत, तेवढे तरी बरे जाऊ देत. कोणाचं काय नुकसान आहे त्यात?"

"त्यांना कळेल, काका!"

"कसं कळेल? ती काय दुर्बिणीवर जाऊन बघणार आहे?"

त्यांचे डोळे भरून आले होते आणि हात मिक्सरच्या बटणावर होता. मॅडमनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती, आकडा आपल्याला आवडला नाही तरी आकडाच लिहायचा. पण खरं सांगायचं तर खोटा आकडा मी येतानाच, सिंहगड रोडच्या सिग्नलला, मनात तयार करून ठेवला होता. अगदी किती खाली, त्यात मोजण्यातली चूक किती धरायची, सगळं. काकांनी सांगायच्या आधीच माझी बुद्धी फिरली होती.

"सांगते," मी म्हणाले.

त्यांनी मिक्सर बंद केला. एकदम शांत झालं.

आतल्या खोलीत ऊन येत होतं. मॅडम उशांना टेकून बसल्या होत्या. चष्मा चेहऱ्यापेक्षा मोठा दिसत होता. आठवड्यापूर्वी मी आले होते तेव्हापेक्षा त्या अर्ध्या झाल्या होत्या, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण त्या म्हणाल्या, "बघू नकोस अशी. बारीक व्हायचं म्हणून किती वर्षं चालत होते मी तळजाईच्या टेकडीवर. आता झाले तर तुला कौतुक नाही."

मी हसले. मग मला ते हसणं आवरेना, रडू आवरावं तसं आवरावं लागलं.

"आला आकडा?"

"आला, मॅडम."

"थांब. बोलू नकोस." त्यांनी हात वर केला. "कागद आणलायस ना? पसर इथे."

पलंगावर, त्यांच्या पायांवरून, मी तो कागद उलगडला. वर्षानुवर्षांचे शाईचे ठिपके चढत गेलेले, आणि प्रत्येक ठिपक्याखाली, एकटंच, पेन्सिलीचं एक टिंब आणि शेजारी 'कु'. एका कोपऱ्यात वड्याच्या तेलाचा डाग होता. मॅडमनी त्या डागावरून बोट फिरवलं.

"ऑल्विननं कुठे सांगितलंय?"

"त्यानं आकडा यायच्या आधीच फोनवर सांगितलंय. सरळ रेषेत."

"हावरट आहे मेला. लाव त्याचं." मी लावलं. "अहो, इकडे या. आज तुम्हीपण लावा."

काका दारात पुसायचा फडका घेऊन उभे होते. "मला काय कळतंय त्यातलं?"

"ऑल्विनला तरी काय कळतंय? लावा."

काका वाकले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पेन्सिल मुठीत धरून त्यांनी खाली, चांगलं खाली, एक जाडजूड टिंब काढलं आणि शेजारी 'म' लिहिलं. वळणावर. आता माझा मार्ग मोकळा होता. मॅडम नेहमीप्रमाणे खाली लावणार, मी तो तयार ठेवलेला आकडा सांगणार, त्या जिंकणार. जन्मात पहिल्यांदा. जीभ तयार होती.

मॅडमनी पेन्सिल घेतली. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. चष्मा सारखा केला. एकदा माझ्याकडे बघितलं, नीट, परीक्षेला बसलेल्या मुलीकडे बघावं तसं. मग कागदाकडे.

आणि त्यांनी टिंब वर लावलं.

पट्टी न लावता, मागच्या सगळ्या ठिपक्यांच्या अगदी सरळ रेषेत. ऑल्विनच्याही टिंबापेक्षा अचूक. शेजारी सावकाश 'कु' लिहिलं.

"मॅडम," मी म्हणाले, "वर?"

"वर. चढतोच आहे तो. सांग आता आकडा."

मी काकांकडे बघितलं. काकांनी फडका तोंडावर धरला होता. आता मी खोटा आकडा सांगितला असता तर मॅडम हरल्या असत्या. खरा सांगितला तर जिंकणार होत्या. इतका वेळ मनात घोकलेला आकडा कुठच्या कुठे गेला. मी खरा आकडा सांगितला, त्यातल्या चुकीसकट. शाईचं पेन उघडलं आणि ठिपका लावला. तो जवळजवळ त्यांच्या टिंबावरच पडला.

"मॅडम, तुम्ही जिंकलात."

"बघ!" त्या म्हणाल्या. आवाज नव्हता, पण डोळे चमकले. "अहो, हरलात तुम्ही. जा, वडे आणा. कोपऱ्यावरच्या गाडीवरचे. गरम असतील तरच."

काका चपला घालून गेले. जिन्यात त्यांच्या रडण्याचा आवाज आला, तो आम्ही दोघींनीही न ऐकल्यासारखं केलं.

मी पलंगाच्या कडेला बसले. मला राहवेना. "मॅडम, तुम्हाला नाही वाटत आता? ग्रह आहे असं?"

"जिंकलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे नसतात."

"पण अकरा वर्षं तुम्ही..."

"शैला, दरवर्षी टिंब लावत जा. वेळ देणार नाहीत म्हणतील, भांड. यंत्र बदललं तर जुन्या-नव्याचा फरक आधी काढ, घाई करू नकोस. आणि हा कागद फेकू नकोस." एवढं बोलून त्यांना धाप लागली. मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "ऑल्विनला त्याच्या वड्याचे पैसे लावू नका. तो थंडीत असतो."

काका वडे घेऊन आले. मॅडमनी एक वडा हातात घेतला, नाकाशी धरला, डोळे मिटून वास घेतला आणि परत कागदावर ठेवला. "मस्त," म्हणाल्या.

त्या दिवशी मी घरी जाताना स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून भररस्त्यात रडले. माणसं बघत होती, बघू देत. मॅडम जाणार हे मी कधीच धरून चालले होते. रडू त्याचं नव्हतं. मला वाटलं, सगळं जग नाही म्हणत असताना ज्या बाईनं एवढी वर्षं टिंब खाली लावलं, तिनं शेवटच्या वेळी हार मानली. तिचा ग्रह तिच्या हातून सुटला, आणि सुटताना मी समोर बसून शाईचं पेन उघडत होते. आठवडा पुरा व्हायच्या आत मॅडम गेल्या. ऑल्विन डोंगरावरून पोहोचू शकला नाही.

मी टिंबं लावत राहिले. वेळ देणाऱ्या समितीशी भांडले. पुढल्या वर्षी ठिपका वरच गेला, पण किंचित कमी. त्याच्या पुढल्या वर्षी जवळजवळ तेवढाच राहिला. वेग मोजायचं यंत्र, स्पेक्ट्रोग्राफ, बदललं होतं, म्हणून मी जुन्या-नव्याचा फरक तीनतीनदा काढला, घाई केली नाही. त्याच्याही पुढल्या वर्षी ऑल्विननं डोंगरावरून मोजमापं पाठवली, मी सरासरी काढली आणि खुर्चीतून उठून खोलीचं दार आतून लावून घेतलं.

वळला होता. चांगला खाली, शंकेला जागा न ठेवता. पुढे लांबचा ग्रह गणितानं निघाला, गुरूपेक्षा कितीतरी जड, लांबट कक्षेत फिरणारा. हजार भावंडांच्या त्या गर्दीत तीनशे चौदानं त्याला धरून ठेवलं होतं.

पण ते पुढे. त्या दिवशी मी कागद भिंतीवरून काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि थेट मधुकाकांकडे गेले. दुपार होती. काका वाळलेले होते, दाढी वाढलेली. ओट्यावर मिक्सर जुन्या टॉवेलनं झाकून ठेवलेला दिसला.

"काका," मी म्हणाले, "वळला."

"खरंच? की मला म्हणून सांगतेस?"

"खरंच, काका. शपथ."

ते हळूच खाली बसले, कागद उलगडला, चष्मा शोधला. मी नवी जागा दाखवली. ठिपका अजून लावला नव्हता, म्हटलं इथेच लावू. आणि मग इतक्या वर्षांचं माझ्या तोंडून निघालंच. "आणखी तीन वर्षं जगल्या असत्या तर, काका. निदान त्या दिवशी आशा तरी सोडायला नको होती त्यांनी. मला तेच खातं अजून."

काका चष्म्यावरून बघायला लागले. "कोणी आशा सोडली?"

"मॅडमनी. टिंब वर लावलं ना."

"अगं वेडे," काका म्हणाले. "तिनं सगळं ऐकलं होतं."

मला कळेना.

"तू गेलीस, आणि संध्याकाळी मला म्हणाली, मिक्सर लावून का कोणी गुपित बोलतं? बेंबीच्या देठापासून ओरडत होतात दोघं. खालच्या मजल्यावर गेलं असेल." काका हसायला गेले, ते जमलं नाही. "मला खूप बोलली. म्हणाली, त्या पोरीला माझ्यासमोर खोटा आकडा सांगायला लावणार होतात? मी चार दिवसांत जाईन, ती तो आकडा जन्मभर वागवेल. आणि माझ्या कागदावर शाईनं खोटं लागलं असतं ते वेगळंच. तिला खरं बोलणं सोपं व्हावं म्हणून लावलं मी वर. असं म्हणाली."

मिक्सरच्या घरघराटात ओरडणारी मी मलाच ऐकू यायला लागले. वर गेलाय! मागच्या वर्षीपेक्षाही वर!

"मी विचारलं तिला," काका म्हणाले, "मग तुझा तो ग्रह? तर म्हणाली, तो आहेच. वळणार आहे. मी नसेन, एवढंच."

"मग मला का नाही सांगितलंत इतके दिवस?" मी जवळजवळ किंचाळले.

"तिनंच बजावलं होतं. वळला तरच सांगा म्हणाली. नाही वळला तर शैलाला वाटू दे, मॅडमना शेवटी बरोबर कळलं होतं. तिला माझ्या हट्टाचं ओझं नको." त्यांनी नाक पुसलं. "दर दिवाळीला वाटायचं तू येशील आणि सांगशील. तू यायचीस, फराळ करायचीस, जायचीस. मी कसा विचारणार?"

काकांनी कागद माझ्यासाठी दोन्ही बाजूंनी ताणून धरला. मी पेन उघडलं आणि शाईचा ठिपका लावला, खाली, जिथे त्या इतकी वर्षं टिंब लावून हरत आल्या होत्या. काकांनी बोट ठेवलं ते मात्र मागे, त्या वरच्या 'कु'वर.

"अकरा वर्षं मनातलं लावलं आणि हरली," ते म्हणाले. "मनाविरुद्ध एकदाच लावलं, तर तेवढ्यालाच जिंकली."

मग ते उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि चपला शोधायला लागले.

"कुठे निघालात, काका?"

"वडे आणायला. हरलेल्यांनी आणायचे असतात ना?"